पाझर तलावाची गळती

“ओ सायेब, कडंला जाऊ नका! माती सुटलीय तिथली!”

बाई खालून ओरडत होती आणि मी पारनेर तालुक्यातल्या एका तलावाच्या बांधावर उभा राहून स्वतःचा फोटो काढत होतो. या बाईचं न ऐकण्याची माझी ही दुसरी खेप, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पाय सुटला. हा बांध मी वर्गात चाळीस फुटी सांगतो. घसरताना तो चार मजली वाटला. खाली पोचून वर पाहिलं तर जेमतेम माझ्या दुप्पट उंचीचा.

मी तिथे का तडमडलो ते सांगतो. नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी स्थापत्य शिकवतो. यंदा अभ्यासक्रमात ‘शाश्वत अभियांत्रिकी’ नावाचा विषय आला आणि तो माझ्या गळ्यात पडला, कारण माझा आवाज दौंड स्टेशनपर्यंत ऐकू जातो. पोरांना पुस्तकी काही दाखवायचं नाही, आपण केलेलं खरं काम दाखवायचं, असं मी मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटून सांगितलं. असं काम माझ्याकडे एकच होतं. पंधरा वर्षांपूर्वी, नोकरी ठेकेदाराकडे होती तेव्हा, मी या पाझर तलावाची गळती बंद केली होती. बांधाच्या पायाच्या खडकात भेग होती. तिच्यात सिमेंटचं पातळ कालवण पंपाने दाबून भरलं. संपला विषय.

वर्गात मात्र तो कधीच संपला नाही. पहिल्या वर्षी मी सांगितलं, करंगळीएवढी धार होती. तिसऱ्या वर्षी ती मनगटाएवढी झाली. गेल्या वर्षी तिच्यात एक म्हैस पोहत होती. आणि गोष्टीच्या शेवटी डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई येऊन म्हणायची, “सायेब, हे गळत न्हाई, पाझरतंय.” इथे वर्ग हसायचा. मी खडू खाली ठेवून हसू द्यायचो.

तर पोरांना आणण्याआधी एकदा बघून यावं म्हणून निघालो. माझं घर नागापूरला, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या भोंग्यावर जागं होणारं. सुप्यापर्यंत एसटीत उभा होतो, इतका दाबून की पाय जमिनीला लागलेच नाहीत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी काढलेली रानं, मध्येच कांद्याचे हिरवे तुकडे, मग नुसती टेकाडं. पारनेरहून पुढे दुधाचा टेम्पो मिळाला. ड्रायव्हरने कुणाकडे जायचं विचारलं. मी म्हटलं, तलावाकडे, माझाच आहे तो. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“तुमचा हाय? मग भरा की वो.”

त्याने मला वरच्या रस्त्याने थेट बांधावर सोडलं. पंधरा वर्षांपूर्वी जीपही मला तिथेच सोडायची. खालच्या अंगाला मी कधी उतरलोच नव्हतो. आत्ता उतरलो, तोही पाठीवर.

बाईचं नाव कौसाबाई. साठीची, काटक. मला ओसरीवर बसवून तिने तांब्या दिला. मी एका दमात रिकामा केला, दुसरा मागितला, आणि त्याने तोंड धुतलं, गुडघ्याची माती धुतली, चपलाही धुतल्या. ती नुसती बघत होती. मग शेळ्या घेऊन विहिरीकडे निघाली. मी मागोमाग.

विहीर घडीव दगडाची, देखणी. वाकून पाहिलं तर तळाला बोरीचं झुडूप, पुरुषभर उंच. (हे मी वाढवून सांगत नाही.) कौसाबाई काठावर टेकून सांगू लागली. भेगेतलं पाणी आतल्या आत या विहिरीला यायचं. चैत्रापर्यंत पुरायचं. कडेने लिंबं होती, चाळीस झाडं, तिने आणि नवऱ्याने लावलेली. भेग बुजली त्या वर्षी विहीर निम्म्यावर आली, पुढच्या वर्षी तळ दिसला. नंतर लिंबं वाळली. लेक आणि सून नागापूरला गेले, कारखान्यात. कुठला कारखाना ते तिने सांगितलं. माझ्या भोंग्याचाच. आता प्यायचं पाणी ती टेकाडापलीकडच्या हापशावरून आणते. दिवसाला दोन हंडे.

मी मघाशी धुतलेल्या चपलांकडे पाहिलं.

“पण तलावात पाणी तर दिसतंय, मावशी,” मी म्हटलं. कायतरी म्हणायचं म्हणून.

“दिसतंय. ऊन पितं ते.”

“मग तेव्हाच सांगायचं होतं मला.”

“सांगितलं हुतं की. तुमी हसला.”

हंडेवाली बाई ती हीच.

दुपारी तिने जेवायला घातलं. शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची वळून रश्शात शिजवलेली कडी), भाकरी आणि ठेचा. ठेचा असा की त्यावर रेल्वेचं इंजिन चाललं असतं. तांब्या शेजारीच होता. मी हात लावला नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते ठेच्याचं, असं मी तिला सांगितलं. ती माझं ऐकून घेते, माझ्यासारखी नाही.

परतताना एसटीत बसायला जागा मिळाली, तरी बसवेना. आमच्या कामाच्या तक्त्यात एकच रकाना होता: गळती. पाझर असा रकाना नव्हता. बांधाच्या पाटीवर ठळक अक्षरांत ‘पाझर तलाव’ लिहिलेलं, आणि मी त्याच पाटीला टेकून चहा पीत त्याचा पाझर बुजवत होतो. पाणी थांबवायचं कसं हे मला चार वर्षं शिकवलं गेलं, आणि पुढे मीही तेच शिकवलं. ते जातंय कुठे, हे खाली उतरून बघायला कुणी सांगितलं नाही. एकीने सांगितलं, तर तिचा मी विनोद केला.

सोमवारी वर्गात धार पुन्हा करंगळीएवढी केली. म्हैस काढली. बाईच्या वाक्यावर मागच्या बाकावरचे, ही गोष्ट आधी ऐकलेले दोघे सवयीने हसले. मी खडू खाली ठेवला नाही. तास संपायला वीस मिनिटं असताना माझी गोष्ट संपली. असं कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी कौसाबाईला फोन लावला. पाटबंधारे खात्याला भेग मोकळी करण्याबद्दल अर्ज दिलाय, वर्षभर तिच्या विहिरीची पातळी पोरंच मोजतील, पहिल्यांदा पुढच्या महिन्यात चाळीस जण येतील, गाडी वर नेणार नाही, खालून विहिरीपासून चालत येऊ, परवानगी मिळेल का ते सांगता येत नाही पण मी सोडणार नाही, असं बरंच बोललो. बोलताना मध्ये माफीही मागितली, बहुतेक दोनदा. पलीकडे शेळ्या ओरडत होत्या.

“या,” ती म्हणाली. “प्यायचं पानी संगं आना.”