लाल अक्षरांतले नाव

एल्झे-सान दर रविवारी सकाळी स्वतःच्या थडग्याला अंघोळ घालायच्या. जपानात ग्योतोकुला आम्ही राहायचो, त्या इमारतीमागे एक लहान देऊळ होते. त्याच्या आवारात त्यांच्या नवऱ्याचा दगड होता आणि त्यावर नवऱ्याच्या नावाशेजारी त्यांचेही नाव कोरलेले होते, लाल रंगात. ते कळल्यावर मी माझ्या लहानग्या लेकीचा, इराचा हात धरून काढता पाय घेणार होते. तेवढ्यात हातात दात घासायचा जुना ब्रश घेऊन त्या वळल्या. "घाबरू नका, माधवी-सान. लाल आहे म्हणजे बाई जिवंत आहे. मेल्यावर रंग काढतात. मी फक्त जागा धरून ठेवलीय."

त्या आमच्याच मजल्यावर राहायच्या. मूळच्या जर्मन, फुजिता नावाच्या शाळामास्तरांशी लग्न करून इकडे आलेल्या आणि इथेच मुरलेल्या. मूलबाळ नव्हते. शिस्त अशी की चुकीच्या दिवशी ठेवलेली माझी कचऱ्याची पिशवी त्या स्वतः उचलून दारात आणून द्यायच्या, वर घरचा केकही ठेवायच्या. रागवावे की आभार मानावेत, मला कळायचे नाही. आमच्या गप्पा मोडक्या जपानीत आणि थोड्या इंग्रजीत चालायच्या.

दगड घासताना त्या त्यांच्या गावच्या चौकाबद्दल बोलायच्या. चर्चभोवतीच्या त्या जागेत पूर्वी सगळे गाव पुरले जायचे. जागा पुरेना, तेव्हा दफनभूमी वेशीबाहेर नेली, जुने थडग्यांचे दगड आडवे करून फरशी घातली आणि त्यावर भाजीबाजार सुरू झाला. युद्धात चर्च पडले. बायकांनी त्याच्या विटा साफ करून तिथेच रचल्या. पुढे तिथे मोटारी उभ्या राहू लागल्या, मग लोकांनी भांडून त्या हटवल्या आणि झाडे लावली. "सगळं बदललं, पण त्याला अजून जुनं चर्चअंगणच म्हणतात," त्या म्हणायच्या. त्यांना अक्षरओळख झाली ती त्या फरशीवरच. आजी बटाटे निवडायची आणि ही पोर पायाखालची नावे मोठ्याने वाचायची. आजी म्हणायची, "ज्याचं नाव कुणी वाचतं, तो बेवारस नाही."

मग २०११च्या मार्चमधला तो भूकंप झाला. देवळाच्या आवारातले बरेच दगड कोसळले, फुजिता-सानांचा तर तोंडावर पडला. आमच्या ओळखीची कुटुंबे मिळेल त्या विमानाने मुंबई गाठत होती. आम्हीही बॅगा भरून ठेवल्या होत्या. एल्झे-सानना जर्मनीहून भावाचे फोनवर फोन येत होते. त्या त्याला एवढेच म्हणाल्या, "नवरा पालथा पडलाय, त्याला तसाच टाकून कशी येऊ?" ते ऐकून मी हसले आणि लगेच रडले. त्या दिवशी मी बॅगा पुन्हा रिकाम्या केल्या.

त्यांचा दगड उभा राहिला. पण ज्यांच्यामागे कोणीच उरले नव्हते, त्यांचे दगड पुजारी फोडायला पाठवणार होते. एल्झे-सानची झोप उडाली. "आज त्यांचे, उद्या आमचे. मी गेल्यावर फुजिताचं नाव कोण वाचणार?" त्या मला घेऊन पुजाऱ्यांकडे गेल्या आणि त्यांनी आपल्या गावचा तोडगा सुचवला. दगड आडवे घाला, आवारात छान पायवाट होईल. पुजाऱ्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. ते हळूच म्हणाले, "मेलेल्यांच्या नावावर पाय द्यायचा?"

एल्झे-सान माझ्याकडे वळल्या. मी म्हटले, "आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात." त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. आयुष्यभर ज्याला माया समजत आल्या, तो इथे अपमान ठरत होता. दुसरी कोणी असती तर फुरंगटून बसली असती. ही बाई दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पुजाऱ्यांसमोर हजर. "माझ्या गावाची चूक नाही, तुमचीही नाही. पाय नको तर नको, डोळे तरी लागू देत. भिंतीकडेला उभे करा. घासायचं काम माझं."

दगड भिंतीकडेला उभे राहिले. पुढे कित्येक रविवार त्या ते घासत राहिल्या आणि इरा त्यांच्यामागून 'ओबाआचान, ओबाआचान', म्हणजे 'आजी, आजी' करत फिरत राहिली. शाळेत जपानी अक्षरे शिकवायच्या आधीच तिला फुजिता या नावातले 'शेत' अर्थाचे अक्षर येऊ लागले होते. चार खणांच्या खिडकीसारखे ते अक्षर भिंतीकडेला दिसले की ती पुटपुटायची आणि एल्झे-सान म्हणायच्या, "हळू नको, मोठ्यानं वाच. त्यांना कमी ऐकू येतं."

त्या गेल्या तेव्हा इरा सहावीत होती. भाऊ थकलेला, येऊ शकला नाही. अस्थी ठेवायच्या दिवशी गवंड्याने नावातला लाल रंग खरवडून काढला आणि घरचे कोण आहे म्हणून विचारले. मी शब्द जुळवत होते, तोवर इरा पुढे झाली आणि तिने दगडावरची दोन्ही नावे मोठ्याने वाचली. गवंड्याने मान लववली आणि पुन्हा काही विचारले नाही.

आता आम्ही ग्योतोकुहून नदीपलीकडे, एदोगावाला राहतो. इरा कॉलेजात जाते आणि मी मराठीत काही विचारले, तर ती उत्तर जपानीत देते. परवा रविवारी मी तिला म्हटले, "अगं, देवळात जाऊन यायला हवं एकदा." मोबाइलमधून डोके वर न काढता ती म्हणाली, "मो इत्ते किता." म्हणजे, जाऊन आले कधीच. खाली तिच्या सायकलच्या टोपलीत दात घासायचा जुना ब्रश होता, अजून ओला.