मोराग म्हणायचं राहिलं

पिस्कॅटवेला आमच्या शेजारी एक स्कॉटिश आजीबाई एकट्या राहायच्या. सगळे त्यांना सारा म्हणत. मी मात्र मावशी म्हणायचे. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठ्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नाही, अमेरिकेत अर्धं आयुष्य काढलं तरीही.

एकदा चहा पिताना मी त्यांना सांगितलं, की लग्नात माझं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि जुनं माहेरीच राहिलं. त्यांनी कप खाली ठेवला. "माझं तर शाळेतच गेलं," म्हणाल्या.

त्यांचं खरं नाव मोराग. स्कॉटलंडमधल्या ज्या बेटावर त्या वाढल्या, तिथल्या भाषेत 'मोर' म्हणजे मोठी, आणि त्याला लाडाचं शेपूट लावलं की मोराग. तिकडे घरोघरी एखादी मोराग असायचीच. पण इंग्रजी कागदावर मोरागची सारा करायची, असा रिवाजच होता. का, ते त्यांनाही सांगता येईना. सारा होऊनच त्या अमेरिकेत आल्या आणि साराच राहिल्या. "आता तिकडे हे नाव मुलींपेक्षा गाईंनाच जास्त ठेवतात," असं म्हणून खो-खो हसल्या.

मग म्हणाल्या, "भाऊ गेल्यापासून मला मोराग म्हणणारं कुणी उरलं नाही. तू म्हणशील?"

मी हसून वेळ मारून नेली. त्यांनी मात्र माझं माहेरचं नाव विचारून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडून त्या नावाने हाक मारली. आई गेल्यापासून ते नाव माझ्या कानावर पडलं नव्हतं. ग्रोसरीच्या पिशव्या हातात तशाच धरून मी ड्राइव्ह-वेमध्ये रडले.

आणि मी? मी मावशीच म्हणत राहिले. नवरा वैतागायचा. "अगं, सिंपल रिक्वेस्ट आहे त्यांची! नावाने कॉल कर ना, इथे कोण माइंड करतंय?" मला पटायचं. उद्या म्हणू, उद्या म्हणू, करत चार वर्षं गेली. संस्कार म्हणे! नुसता भित्रेपणा होता तो.

गेल्या हिवाळ्यात त्या हॉस्पिटलमध्ये होत्या. नर्स "सारा, सारा" करत होती, पण त्या डोळे उघडत नव्हत्या. मी पलंगाशी वाकले. नाव अगदी ओठांवर होतं. तोंडातून निघालं, "मावशी."

त्यांनी डोळे उघडले. माझं माहेरचं नाव घेतलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या कशाची वाट बघताहेत हे मला कळत होतं. मी खाली मान घालून त्यांचे पाय चेपत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

फ्युनरलच्या छापील कार्डावरही साराच होतं. शवपेटीपाशी माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मोराग." चांगलं मोठ्यांदा, तीनदा.

शेजारी त्यांची लेक उभी होती. "हू इज मोराग?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. आईचं हे नाव तिने जन्मात ऐकलं नव्हतं. ती रडायला लागली, माझा हात घट्ट धरला. "म्हणजे तू आईला याच नावाने हाक मारायचीस? किती बरं वाटत असेल गं तिला!"

मी हो म्हटलं.