डाळिंबी रंगाचं पोलाद

माझं काम पोलादाचं पोट बघायचं. सोलापूरच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद भट्टीत तापवून मजबूत करायच्या, एका कारखान्यात मी लॅब सांभाळते. भट्टीतून आलेल्या बोल्टाचा तुकडा कापायचा, आरशासारखा घासायचा, त्यावर अ‍ॅसिडचा बोळा फिरवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मग पोलादातले दाणे दिसतात. लोखंडाला दाणे असतात म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे.

आबा, म्हणजे माझे वडील, त्याच कारखान्यात भट्टीवर होते. माझ्या जन्माच्या आधीपासून. तापलेल्या पोलादाचा रंग बघून ते उष्णता सांगत. त्यांचे रंगही मंगळवेढ्याकडच्या माणसाचे. तापत जाईल तसं आधी जांभूळ, मग डाळिंबाचा दाणा, मग झेंडू, मग हरभऱ्याची डाळ. "डाळिंब दिसलं की भाईर काडायचं, झेंडू फुटू द्यायचा न्हाय," असं ते नव्या पोरांना बजावायचे. भट्टीला उष्णता दाखवणारा मीटर होता, पण मीटरपेक्षा आबांवर सगळ्यांचा भरवसा. माझा तर सगळ्यात जास्त.

म्हणूनच मीटर आणि आबांचं पटेनासं झालं तेव्हा मी मीटरवरच उखडले. मीटर म्हणायचा, झालं, काढा. आबा म्हणायचे, "अजून जांभूळच हाय की." मी मोठ्या तोऱ्यात वहीत लिहिलं, मीटर बिघडला आहे, दुरुस्तीला पाठवावा. माझ्या बापाची नजर चुकेल हे मला स्वप्नातही पटलं नसतं.

त्या दिवसांत साखर कारखान्याच्या टर्बाइनचे बोल्ट चालले होते. क्रोमियम, मॉलिब्डेनम घातलेलं मिश्र पोलाद. साधं पोलाद कढत वाफेपाशी वर्षानुवर्षं राहिलं की हळूहळू ताणत जातं, ढिलं पडतं. हे पडत नाही. पण त्याचे दाणे बारीक राहिले पाहिजेत. भट्टीत जास्त तापलं की मोठे दाणे लहान दाण्यांना गिळत सुटतात, आणि मग तेच पोलाद एखाद्या दिवशी काडकन तुटतं. टर्बाइनशेजारी माणसं उभी असतात.

मी तुकडा काचेखाली धरला. बारीक रव्याच्या जागी साबुदाणा. वाटलं, आपलंच चुकलं. दुसरा बोल्ट कापला, तिसरा कापला. सगळीकडे तेच. मीटर बरोबर होता. आबांना झेंडू डाळिंबासारखा दिसत होता.

त्या संध्याकाळी जेवताना मी त्यांच्याकडे नीट बघितलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. शेंगाचटणीची वाटी समोर असून ते ताटाभोवती हात फिरवत होते. हे मला रोज दिसत असणार. सूक्ष्मदर्शकात केसाएवढी भेग शोधणारी मी, मला घरातलं हे दिसलं नव्हतं. लाज वाटली. तोंड उघडायचं ठरवलं होतं, पण त्यांनी विचारलं, "आजचा माल कसा हाय गं?" आणि मी म्हटलं, "बघायचाय अजून."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहिला. लिहिणं भागच होतं. इंग्रजीत, चार ओळी: दाणे वाढलेत, भट्टीत जास्त तापवल्यामुळे, माल नापास. खाली माझी सही. मॅनेजर भला माणूस. त्यानं एक प्रत आबांच्याच हातात दिली आणि सांगितलं, "लेकीकडून समजावून घ्या." त्याला वाटलं, घरातलं माणूस हळूच सांगेल.

आबा तो कागद खिशात घालून घरी आले. माझ्यापुढे धरला. "वाच बघू. सायेब नुसतं गप गप हुता."

मी वाचला. म्हणजे कागदावर डोळे ठेवले आणि तोंडानं वेगळंच बोलले. मीटर चुकीचा दाखवतोय, म्हणून माल बिघडला, असं त्यात लिहिलंय, मी म्हटलं.

"तरी मी म्हनत हुतो!" आबांनी मांडीवर थाप मारली. "सही कुनाची हाय?"

"मॅनेजरची."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. त्या रात्री ते लई खुशीत होते.

सकाळी पाळी सुरू व्हायच्या वेळी आबा भट्टीपुढे उभे राहिले आणि सगळ्यांदेखत मॅनेजरला म्हणाले, "बाप दाखव न्हायतर श्राद्ध कर! तापवा तुकडा, मी रंग सांगतो. मंग त्यो मीटर भंगारात घाला." मॅनेजर नको नको म्हणत होता. आबा ऐकेनात. त्यांच्या अंगात एवढं बळ माझ्या खोट्यानं आलं होतं. मी लॅबच्या दारात होते. दहा पावलं पुढं जाऊन हात धरला असता तरी निभावलं असतं. गेले नाही.

तुकडा बाहेर आला. हरभऱ्याच्या डाळीसारखा पिवळा, आंधळ्यालाही धग कळावी असा. आबा वाकून बघत राहिले. म्हणाले, "डाळिंब."

कुणी हसलं नाही. त्यांनीच शिकवलेली माणसं होती ती, माना खाली घालून उभी राहिली. आबांनी खिशातून कागद काढला. "आवं पन ह्यात तर मीटरचा दोष लिवलाय की. पोरीनं वाचून दाखवलंय."

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आबा, हा रिपोर्ट तिनंच लिहिलाय. सही तिची आहे."

घरी आल्यावर मी पाय धरले, रडले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "डोळं काय, म्हातारपनी जात्यातच. तू घरात सांगायचं हुतंस. चार लोकांत कशाला?"

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. भट्टीच्या उजेडानं लवकर धरलाय. ऑपरेशन छान झालं. पट्टी काढली त्या दिवशी मी त्यांना घेऊन दवाखान्यासमोरच्या मेडिकलमध्ये गेले. कुठला थेंब किती वेळा, हे सगळं कागदावर इंग्रजीत. मी हात पुढे केला, म्हटलं, "द्या आबा, मी वाचते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता त्यांना स्पष्ट दिसत होतं. आणि माझ्या हातावरून हात नेत कागद काउंटरपलीकडच्या पोऱ्याला दिला.

"वाच रं बाबा," ते म्हणाले, "जे लिवलंय त्येच वाच."