दहमानांचा कागद

मबरूका आत्याच्या नावात एक शब्द होता, 'अतीक'. मबरूका अतीक दहमान, म्हणजे दहमानांनी गुलामीतून सोडलेली. सोडलं होतं तिच्या पणजोबांना, आणि शिक्का चार पिढ्या आमच्या कपाळी! जेर्बा बेटावर कुणी नाव विचारलं की आधी आमच्या काळ्या कातडीकडे बघायचे, मग नुसती मान हलवायचे.

साठी उलटल्यावर आत्यानं ठरवलं, मरताना हा शब्द बरोबर न्यायचा नाही. वकीलबाई म्हणाली, "कोर्टात अर्ज करू, बाकी मी बघते." पण आत्या काय करते? सकाळी उठून धुतलेली चादर अंगावर घेते आणि थेट जुन्या मालकांच्या वंशातल्या हाज तय्यब दहमानांच्या घराकडे निघते!

"अगं, त्यांची परवानगी मागितलीय कुणी?" मी चिडून मागे धावले.

"विचारायला नको? त्यांचंच नाव आहे ना त्यात."

आमच्यात सोयरीकसुद्धा पूर्वी त्या घरी विचारून ठरायची. ती खोड हाडात मुरलेली.

हाज मनानं चांगला माणूस. चहा मागवला, हसत म्हणाले, "एवढंच ना?" आणि लगेच लिहून सही ठोकली. मग मोठ्यानं वाचलं, "मी मबरूकाला या शब्दातून मोकळी करतो."

आत्यानं चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "सीदी, मालक, परत वाचा."

त्यांनी वाचलं.

"म्हणजे पुन्हा तुम्हीच सोडलंत."

"मग काय, नाही म्हणू?" हाज गोंधळले.

"काहीच म्हणू नका." कागद तिथंच ठेवून ती उठली.

मला राहवेना. वाटेत विचारलं, "आत्या, मग माणसाला मोकळं करतं तरी कोण?"

"मला काय ठाऊक बाई! पण दिलेलं परत मागता येतं, एवढं कळतं."

तेवढ्यात मागून हाजची हाक आली. "मबरूका, शुक्रवारी नातीचं लग्न आहे. कुसकुस कोण शिजवणार?" त्यांच्या लग्नात चूल नेहमी आमच्याच बायकांची.

आत्या थांबली. "बोलावणं पाठवा. जेवायला येईन."

शुक्रवारी ती नवे कपडे घालून दारात बसली. पलीकडे ढोल वाजत राहिले. बोलावणं आलं नाही. ती रडली, मीही रडले.

सोमवारी अर्ज देऊन परतताना मी विचारलं, "फार लागलं का गं?"

"लागलं तर! जन्मभर त्यांना भरवलं मी." मग डोळे पुसून हळूच म्हणाली, "कुसकुस मात्र कच्चाच राहिला म्हणे."