नाळ न पडलेल्या मुलीचं बारसं

२००६ साल. तुळजाच्या मुलीची नाळ महिना उलटला तरी पडली नव्हती. बेंबीभोवती लाल जखम होती, पण तिच्यात पू धरत नव्हता. दापोड्यात, तिच्या सासरच्या गावी, याचंही कौतुक करणारे निघाले. जखम कोरडी, म्हणजे पोर कणखर. पोर तापाने फणफणत होती.

सासू कमळा म्हणाली, "नाळ पडल्याबिगर बारसं न्हाय." मग हळूच, "नाव ठेवलं की जीव अडकतो, तुळजे. बिननावाची गेली तर कमी रडशील."

तुळजा कशेळीच्या खाडीचा चिखल तुडवत वाढलेली. ती पोरीला घेऊन मुंबईला गेली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हिच्या रक्तात भरमसाट आहेत. पण जखमेजवळ रक्तवाहिनीची भिंत धरून थांबलं, तरच त्यांना बाहेर पडता येतं. भिंत धरायचा आकडा, म्हणजे हूकच, बनवण्याची सूचना जनुकात असते. हिच्यात ती मोडलेली आहे, आईकडून आलेलीही आणि वडिलांकडून आलेलीही. हिच्या थोरल्या भावाची अस्थिमज्जा जुळली तर आशा आहे; ते त्याच्या रक्ताच्या तपासणीत कळेल.

परतताना मानकोली नाक्यावर मालाने भरलेल्या गाड्या धावत होत्या. तुळजा त्यांच्याकडे बघत राहिली. थांबताच आलं नाही, तर एवढा माल काय कामाचा?

घरात पाऊल टाकताच कमळा म्हणाली, "तुझ्या माहेरची खोट. माझ्या लेकाच्या, केसरीनाथाच्या गळ्यात पडली."

"माझं माहेर कशेळी. तुझं कुठलं, आत्या?"

 कमळा तुळजाच्या बापाची सख्खी बहीण. हट्टाने भाचीला सून करून आणलेली.

"एक माझ्या बापाकडून आली, एक तुझ्याकडून, तुझ्या लेकातून. मी तुला खोट म्हणत न्हाय. तू पण मला म्हणू नको."

तुळजाने लुगड्याची झोळी बांधली. नाव बाळाच्या आत्याने ठेवायचं; नणंदेला कमळाने येऊ दिलं नव्हतं. तुळजा स्वतःच झोळीवर वाकली.

"आई कधी नाव ठेवते काय?" कमळाने विचारलं.

"आज ठेवते."

काळी पडलेली नाळ तशीच होती. तुळजाने पोरीच्या कानात नाव सांगितलं. मग घराला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली, "मनाली. उद्या हिच्या भावाचं रक्त तपासायला नेणार. तिथं दवाखान्यात आता तुळजाचं बाळ म्हणून लिहू देणार न्हाय."

कमळा भिंतीकडे तोंड करून बसली होती. "जीव अडकंल गं," ती म्हणाली.

"अडकू दे."