भिमाजी पाटकरी भाकस धरायला जातो

सीना धरणावर गळ टाकणारी माणसं मिरजगावच्या आसपास पुष्कळ. पण गळ बांधून घ्यायचा म्हटलं की सगळ्यांचे पाय भिमाजीच्या ओट्याकडे वळायचे. हा भिमाजी पाटबंधारे खात्यात पाटकरी होता. कोणाच्या वावराला कालव्याचं पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे बत्तीस वर्षं त्याच्या हातात होतं. निवृत्त झाला आणि हुकूम सोडायला शेतकरी उरले नाहीत, तेव्हा तो माशांकडे वळला. मासेही त्याचं ऐकत नसत, पण निदान वर तक्रार करत नसत.

धाकट्या मुलीचं, दिशाचं, लग्न गुहागरकडच्या घरात झालं. दिवाळीला व्याही पालशेतकर मिरजगावला आले. भिमाजीनं स्वतः धरलेली मरळ बायकोनं, छबूबाईनं, रांधली. पालशेतकर सावकाश जेवले, हात धुतला आणि म्हणाले, "मासा बरा आहे. साचलेल्या पाण्यातला, त्याला तो तरी काय करणार?"

धरणाच्या पाण्याला साचलेलं म्हणणं म्हणजे पाटकऱ्याच्या खानदानाला नाव ठेवणं. भिमाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पालशेतकर आपले पुढेच. "एकदा आमच्याकडे या, भाकस खायला घालतो. ताटलीसारखा चपटा मासा. दोन्ही डोळे एकाच अंगाला, वाळूत अंग पुरून पडलेला असतो."

"खाऊ कशाला घालता? मीच काढतो की."

"गळानं?"

"न्हाईतर काय अर्ज करून?"

"आणि नाही निघाला तर?"

भिमाजीनं मिशीवरून हात फिरवला. "तर सीना धरनावर पुन्हा गळ टाकनार न्हाई."

छबूबाईच्या हातातला वरणाचा पळा तिथंच थांबला. आत गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अवं, गळ सोडला तर तुमी दिवसभर घरात बसनार व्हय? माझा तरी इचार करायचा."

दुसऱ्या दिवसापासून समुद्रापासून तीनशे किलोमीटरवर भाकस धरायची तयारी सुरू झाली. मासा भिमाजीनं मोबाईलवर पाहिला, तेवढाच. पण त्याचं म्हणणं, मासा कसाही असो, सगळा खेळ गळाजवळच्या शेवटच्या दीड हातात असतो. मागची दोरी जाड असू दे, शिसं जड असू दे. गळ बांधलेला तो शेवटचा तुकडा माशाला दिसला की संपलं. आणि तो फार बारीक घेतला की घासून तुटतो. तेव्हा दिसायचंही नाही आणि तुटायचंही नाही, असा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, हवा.

नगरच्या दुकानातून त्यानं पाच जातींचे तंगूस आणले. एक जपानी, काचेसारखा. दुकानदारानं सांगितलं, पाण्यात दिसतच नाही. भिमाजीनं घरी येऊन पाचही तुकडे पाण्याच्या ग्लासात सोडले आणि बायकोला हाक मारली.

"यातला कंचा दिसत न्हाई, सांग."

"चष्म्याबिगर मला तुमीबी दिसत न्हाई," छबूबाई म्हणाली, आणि ग्लास उचलून पाणी तुळशीला घालायला निघाली.

मग त्यानं एकेक तुकडा पाट्यावर घासला. दोन विसाव्या घासणीला तुटले, दोन पन्नासाव्या. जपानी तेवढा शंभरापर्यंत टिकला. चटणीत दोन दिवस कचकच लागत होती, पण तंगूस ठरला. नवीन न्हाणीघरासाठी वाळूचा ढीग आणून टाकला होता. त्यात पातेल्याचं झाकण पुरून, भिमाजी लांबून गळ टाकून झाकणाजवळ पाडायचा सराव करू लागला. गळ पडला की मांडी घालून बसायचा. हलायचं नाही, ओढायचं नाही. त्याची सगळी विद्या या बसण्यात होती. येणारे-जाणारे विचारायचे, "काय, लागलं का काही?" तो म्हणायचा, "वाळूत काय लागनार, येड्या."

माघी पौर्णिमा उलटल्यावर दोघं नवरा-बायको गुहागरला पोचले. पिशवीत चौदा बांधलेले गळ, प्रत्येक वेगळ्या कागदात. गाठी अशा, की थुंकी लावून आवळलेल्या पाच वेढ्यांत फटीला जागा नाही. पालशेतकरांनी एक गळ हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "गाठ सुंदर आहे," ते म्हणाले. भिमाजीला ते पुरेसं झालं असतं, पण पैज गाठीची नव्हती.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा उघडा पडला होता. पाणी ओसरत होतं.

"पानी सोडलंय वाटतं कुटंतरी," भिमाजी म्हणाला. "आवर्तन किती दिवसांचं?"

"सहा तासांचं," पालशेतकर म्हणाले.

व्याही थट्टा करतोय असं समजून भिमाजी हसला. बत्तीस वर्षांत खाली गेलेलं पाणी आपल्या पायांनी वर आलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. ओसरत्या पाण्यामागून तो पार पट्ट्याच्या टोकापर्यंत गेला, पिशवी मागं वाळूवर ठेवली, कोळंबी लावून गळ टाकला आणि उकिडवा बसला. दोन तास हलला नाही. पालशेतकर आणि छबूबाई किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत. छबूबाई अधूनमधून म्हणायची, "बसल्यात बघा कसं. घरी असं कधी बसत न्हाईत."

मग भिमाजीचं बूड ओलं झालं. तो उठला. पाणी पोटरीला लागलं होतं. मागं वळून पाहतो, तर तेरा गळांची पिशवी तरंगत खाडीत निघालेली.

"पानी कुनी सोडलं?" असं तो बत्तीस वर्षांच्या आवाजात ओरडला, आणि धोतराचा सोगा एका हातात, गळाची काठी खांद्यावर, पिशवीमागं पळत सुटला. मागं दोरी सगळी वाळूवरून फरफटत येत होती. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, पिशवी हाताच्या अंतरावर आली, आणि तेवढ्यात काठी मागून कोणीतरी धरल्यासारखी ओढली गेली.

पिशवी की काठी, याचा निकाल एका श्वासात लागला. पिशवी खाडीत गेली. भिमाजी पाठमोरा चालत, काठी छातीशी धरून, किनाऱ्यावर आला. शेवटचा दीड हात जपानी तंगूस वाळूवर घासत होता, पण तुटला नाही. टोकाला वितीपेक्षा चार बोटं मोठा भाकस, दोन्ही डोळे एकाच अंगाला, भिमाजीकडे पाहत.

पालशेतकर धावत आले. मासा पाहिला, गाठ पाहिली, आणि मान हलवत म्हणाले, "हरलो बुवा. पण मला एक सांगा, भाकसाला गळ बसवून ठेवायचा नसतो, वाळूवरून ओढत न्यायचा असतो, हे आमच्या म्हाताऱ्यांनासुद्धा समजायला चार वर्षं लागली. तुम्हाला कोणी सांगितलं?"

भिमाजीनं ओला सोगा पिळला. मासा न्याहाळला. 

"अंदाज," तो म्हणाला.

"व्हय," छबूबाई म्हणाली, "अंदाज लई जोरात पळत हुता."