दौलतचे गाल

संघमित्राताईंसमोर हसायची सोय नाही. त्या आधी आपले दात बघतात, मग विनोद ऐकतात. लग्नाच्या पंगतीत समोरच्याच्या सुळ्यांवर नजर लावून बसणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढल्या, दातांच्या डॉक्टर झाल्या आणि परळच्या आमच्या प्रयोगशाळेत येऊन मेलेल्यांचे चेहरे घडवू लागल्या. मी त्यांचा मदतनीस. बेवारस कवटीची प्लास्टरमध्ये नक्कल करून देणं हे माझं काम.

त्या नकलेवर ताई खोडरबराचे तुकडे चिकटवतात. जिथे जेवढं मांस असेल, तेवढ्या उंचीचे. सुळ्यांमधल्या अंतरावरून तोंडाची रुंदी काढायची, दातांच्या उंचीवरून ओठांची जाडी. मग तुकडे बुडेपर्यंत शाडू लिंपायचा. "अंदाज आहे हो, फोटो नव्हे," असं त्या प्रत्येक पोलिसाला बजावतात.

मागच्या वर्षी किनाऱ्याला लागलेली एक कवटी आली. चेहरा तयार झाल्यावर पोलिसांनी मच्छीमार नगरच्या बकुळाबाईंना आणलं. त्यांचा मुलगा दौलत बोटीवरून समुद्रात पडला होता, तो सापडलाच नाही. त्यामुळे घरात दिवसही केले नव्हते. धड रडता येईना, धड वाट बघणं सुटेना, अशी त्या माउलीची गत.

त्यांनी चेहरा न्याहाळला. "हा माझा नाय. माझा पोर काटकुळा. गालफडं बसलेली त्याची."

ताई खजील झाल्या. मांसाच्या जाडीचे आकडे खात्यापित्या माणसांवरून काढलेले, आणि त्यांनी ते तसेच लावले होते. मला मनातून रागच आला. चाळीत वाढलेल्या बाईला बसकी गालफडं सुचू नयेत?

"थांबा मावशी," म्हणत ताईंनी कोरणी घेतली आणि डावा गाल खरवडायला लागल्या. शाडू निघत गेला. गाल आत गेला, हाड वर आलं. बकुळाबाई टेबलावर वाकल्या.

"दौलत," एवढंच म्हणाल्या.

डीएनए नंतर जुळला. पण त्या दिवशी ताईंनी उजव्या गालाला कोरणी लावली, तसा बकुळाबाईंनी ताईंचा हात धरला. माझ्या डोळ्यांना धार लागली, लपवण्यात अर्थ नव्हता. बकुळाबाईंनी टेबलावरचा खरवडलेला शाडू गोळा केला आणि डाव्या गालावर बोटांनी परत दाबून बसवला.

"नको काढू गो. जलमभर म्हावरा-भात घातला, याच्या अंगाला लागला नाय. आज भरलाय, तर बघू दे मला."